पाने, पकडी आणि आजन्म हमी

तुबलीत आमच्या लॅबपासून चालत दहा मिनिटांवर हार्डवेअरची तीन-चार दुकानं आहेत. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या बोहरी आळीत जो वास येतो ना, ग्रीसचा, नव्या लोखंडाचा आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांचा, अगदी तोच इथेही येतो. फळीकडे नजर गेली की मात्र फरक कळतो. एकाच मापाचा रिंग पाना जर्मन, अमेरिकन, तैवानी, चिनी आणि आपल्या नाशिकचा, असा शेजारी-शेजारी टांगलेला! किमतीत कधी कधी दहापट फरक. आणि मी सुट्टीवर निघालो की घरच्यांचा, मित्रांचा निरोप ठरलेला : "येताना चांगले पाने घेऊन ये. जर्मन बघ."

आता चांगला म्हणजे कुठला? आणि जर्मनच का? माझं पोट धातूंच्या चाचण्यांवर चालतं, त्यामुळे हा प्रश्न मला सोडवत नाही. पण गंमत अशी की याचं निम्मं उत्तर धातुशास्त्रात आहे आणि निम्मं इतिहासात.

धातुशास्त्राचं थोडक्यात सांगतो. पाना फार कडक केला तर काचेसारखा तुटतो, मऊ ठेवला तर जबडा फाकतो आणि नटाचे कोपरे गोल करून टाकतो. या दोन्हींच्या मधली जागा साधायला योग्य पोलाद (बहुधा क्रोम व्हेनेडियम), नीट घडाई आणि नीट तापवून थंड करणं, एवढंच लागतं. यात गुप्त असं काहीच नाही. हे सगळं मानकांमध्ये छापलेलं आहे. जर्मन डीआयएन मानक आहे, आंतरराष्ट्रीय आयएसओ आहे, आपल्याकडे साध्या पान्यांसाठी आयएस २०२८ आणि पकडींसाठी आयएस ३६५० आहे. म्हणजे चांगला पाना कुठल्याही देशात होऊ शकतो. मग देशांची नावं एवढी जड का झाली?

जर्मनीपासूनच सुरुवात करू. १८७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. तिथे गेलेले फ्रान्झ रूलो हे यंत्रशास्त्राचे नामांकित जर्मन प्राध्यापक. त्यांनी मायदेशी कळवलं की आपला माल "स्वस्त आणि वाईट" आहे. जर्मनीत त्यावरून मोठा गदारोळ झाला. तिकडे इंग्लंडमध्ये शेफील्डचे कारागीर वेगळ्याच कारणाने चिडले होते. १६२४ पासून त्यांची कायद्याने स्थापन झालेली संघटना होती, प्रत्येक कारागिराचा शिक्का नोंदलेला असे आणि आता जर्मनीतून आलेल्या चाकू-कात्र्यांवर शेफील्डची नावं बिनदिक्कत ठोकलेली दिसत होती. शेवटी १८८७ साली ब्रिटिश संसदेने व्यापारचिन्हांचा कायदा केला आणि परदेशी मालावर मूळ देशाचं नाव घालणं भाग पडलं. 'मेड इन जर्मनी' हे शब्द जगभर गेले ते असे, गिऱ्हाइकाने सावध व्हावं म्हणून!

आज ज्यांची नावं आपण आदराने घेतो त्यातल्या कित्येक कंपन्या याच बदनामीच्या काळातल्या आहेत. स्टालविले १८६२ची, हाझेट १८६८ची, पकडींसाठी प्रसिद्ध असलेली क्निपेक्स १८८२ची. रेमशाइड, वुपरटाल, झोलिंगन ही गावं एकमेकांना लागून आहेत. तिथेच हे सगळं चालायचं, अजूनही चालतं. एका पिढीत या लोकांनी माल असा सुधारला की हिणवण्यासाठी लावलेला शिक्का मानाचा झाला.

आणि शेफील्ड? मी डॉक्टरेट केली ती तिथेच. ज्या शहराच्या नावाची जर्मन लोक नक्कल करत होते, तिथले हत्यारांचे कारखाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकामागून एक बंद पडले. केन हॉली नावाचे तिथले एक हत्यारविक्रेते होते. बंद पडणाऱ्या कारखान्यांतून त्यांनी जन्मभर करवती, रंधे, कानशी, छिन्न्या आणि त्या करायची अवजारंही गोळा केली. ते २०१४ साली गेले. त्यांचा संग्रह केलहम आयलंड म्युझियममध्ये बघायला मिळतो. मी तिथे अनेक रविवार काढले. देशाच्या नावावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये, हे मला पुस्तकांपेक्षा तिथल्या कपाटांनी शिकवलं.

हे झालं गुणवत्तेचं. आता दुसरी गोष्ट, जी दुकानदार आवाज चढवून सांगतो : "सर, लाइफटाइम वॉरंटी!"

आजन्म हमी ही मुख्यतः अमेरिकन रीत, आणि तिचा जन्म अंतरातून झाला. सिअर्स ही कंपनी टपालाने माल विकायची. आडगावच्या शेतकऱ्याने न बघितलेली वस्तू कॅटलॉगवरून मागवायची, तर त्याचा विश्वास कसा बसणार? पसंत नसेल तर पैसे परत, हे त्यावरचं उत्तर. पुढे १९२७ साली सिअर्सने 'क्राफ्ट्समन' हे नाव घेतलं आणि त्या नावाच्या हातहत्यारांना अशी हमी दिली की ती दंतकथाच झाली. पाना तुटला? सिअर्सच्या दुकानात जा, काउंटरवर ठेवा, नवा घ्या. पावती नको, प्रश्न नकोत. वडिलांचा पाना मुलाने नेऊन बदलून आणावा, असं पिढ्यान् पिढ्या चाललं.

यात सिअर्सचं औदार्य होतं तसाच हिशेबही होता. सिअर्स स्वतः पाने बनवत नसे, ते दुसऱ्या कारखान्यांकडून करून घेई. चांगले घडवलेले पाने तुटतात फार कमी, आणि तुटका पाना घेऊन आलेला माणूस रिकाम्या हाताने क्वचितच परत जातो.

स्नॅप-ऑनने १९२० साली वेगळा मार्ग धरला. तेव्हा सॉकेटला त्याचा दांडा बहुधा कायमचा जोडलेला असे. यांनी पाच दांडे आणि दहा सॉकेट अदलाबदल करता येतील असे काढले आणि पाच हत्यारं पन्नासांचं काम करतात, अशी जाहिरात केली. पण त्यांची खरी करामत विक्रीत होती. विक्रेता थेट गॅरेजच्या दारात जाई. दुसऱ्या महायुद्धानंतर तर तो अख्खं दुकानच गाडीत भरून आठवड्याच्या आठवड्याला येऊ लागला. नवीन हत्यार उधारीवर, पैसे हप्त्याने, तुटलेलं तिथल्या तिथे बदलून. मेकॅनिकचा दिवस बुडत नाही. स्नॅप-ऑनचा पाना महाग असतो, कारण त्या किमतीत ही गाडी, तो माणूस आणि त्याची उधारी सगळं धरलेलं असतं.

म्हणजे बघा, हमी दोन्हीकडे हत्याराच्या मागे उभ्या असलेल्या काउंटरची किंवा गाडीची होती. काउंटर गेला की काय होतं, हेही अमेरिकेनेच दाखवलं. सिअर्सने २०१७ साली क्राफ्ट्समन हे नाव सुमारे ९० कोटी डॉलर्सच्या सौद्यात स्टॅनली ब्लॅक अँड डेकरला विकलं आणि २०१८ साली सिअर्सने दिवाळखोरी जाहीर केली. नव्या मालकाने २०१९ मध्ये टेक्सासला क्राफ्ट्समनची हत्यारं पुन्हा अमेरिकेत बनवण्यासाठी कारखाना जाहीर केला, २०२३ मध्ये तो बंद करत असल्याचंही जाहीर केलं. क्राफ्ट्समनचे पाने आजही विकले जातात, पण सिअर्सचा तो जुना काउंटर राहिला नाही.

आता परत बहारीनला येऊ. १९३२ साली इथे तेल लागलं ते बापको कंपनीला. तिची नोंदणी कॅनडातली, पण मालकी कॅलिफोर्नियाच्या स्टँडर्ड ऑइलची. १९३६ साली रिफायनरी सुरू झाली. अर्थातच तिथे अमेरिकन मापं आली. राज्यावर संरक्षण १९७१ पर्यंत ब्रिटिशांचं, त्यामुळे त्यांच्या यंत्रांबरोबर व्हिटवर्थची मापं आली. मागून युरोपियन यंत्रं आणि जपानी गाड्या मेट्रिक घेऊन आल्या. चलन म्हणाल तर १९६५ मध्ये दिनार येईपर्यंत रुपयाच होता, आधी आपला आणि १९५९ पासून खास आखातासाठी छापलेला. त्यामुळे मुंबईचा बाजार इथल्या बाजाराला परका कधी नव्हताच.

या सरमिसळीचा त्रास कुणाला? पाना हातात धरणाऱ्याला! अर्ध्या इंचाच्या व्हिटवर्थ बोल्टला इंचाला १२ आटे, तर अमेरिकन बोल्टला १३. नट दोन फेरे सुखाने फिरतो आणि मग अडकून बसतो. व्हिटवर्थ पान्यावर १/२ लिहिलेलं असेल तर ते बोल्टच्या जाडीचं माप. अमेरिकन पान्यावरचं १/२ हे जबड्याचं. मेट्रिकमध्ये तरी एकवाक्यता असावी? तीही नाही. १० मिलिमीटरच्या बोल्टला जुन्या जर्मन मानकाप्रमाणे १७चा पाना, आयएसओप्रमाणे १६चा आणि जपानी गाडीवर बहुधा १४चा. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यावर १३चा पाना बसतो आणि जोर लावला की ऐन वेळी सुटतो.

आमच्याकडे रत्नागिरीकडचे एक फिटर आहेत, सगळे त्यांना मामाच म्हणतात. पंचवीस वर्षं आखातात काढलेला माणूस. मी एकदा त्यांना ही आजन्म हमीची कथा ऐकवत होतो. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, पाना घसरला की आधी बोटं सोलतात. हमीचा कागद त्यानंतर शोधायचा."

आणि कागद सापडला तरी उपयोग किती? माझं एक महागडं परदेशी रॅचेट वर्षभरात बिघडलं. कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं की ज्या देशात घेतलं तिथल्या विक्रेत्याकडे जा, किंवा स्वखर्चाने आमच्याकडे पाठवा. पाठवणीचा खर्च रॅचेटच्या किमतीच्या आसपास! उलट मामांच्या नाशिकच्या पकडीची धार गेली तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानदाराने ती उलटसुलट बघितली, खणात टाकली आणि नवी काढून दिली. कुठला फॉर्म नाही की ईमेल नाही. त्याचं नुकसान थोडं आणि गिऱ्हाईक वर्षानुवर्षांचं. सिअर्सचा हिशेब तुबलीच्या दुकानदाराला कुणी शिकवावा लागला नाही. एवढंच की ही हमी त्या दुकानदाराची आहे, खोक्यावर ती छापलेली नाही.

नाशिकची पकड म्हणजे तापडिया, हे सांगायला नकोच. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या या कंपनीने १९६९ साली एका स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने हातहत्यारं बनवायला सुरुवात केली. स्वीडन हे साधं नाव नव्हे. आज सर्रास वापरला जाणारा, चाक फिरवून जबडा लहान-मोठा करायचा पाना तिथल्याच योहान पेटर योहान्सन यांचा. त्याचं पेटंट १८९२चं, आणि 'बाहको' नावाने तो जगभर गेला. (बाहको १९९९ पासून स्नॅप-ऑनकडे आहे. वंशावळी अशा गुंतलेल्या असतात!)

मग तुलना कशी करायची? क्निपेक्सची बटण दाबून माप बदलणारी पाइपाची पकड हातात घेतली की सफाई जाणवते, दिवसभर तेच काम करणाऱ्याने ती जरूर घ्यावी. घरात महिन्यातून एकदा नळ आवळणाऱ्याला नाशिकची साधी पकड पुरते, आणि ती बिघडली तर भारतात जवळजवळ कुठल्याही तालुक्याच्या गावी दुसरी मिळते. हीसुद्धा ग्राहकसेवाच की.

एका बाबतीत मात्र तडजोड करू नका. विजेच्या कामाला पकड घ्याल तर जाड प्लॅस्टिकच्या मुठीला भुलू नका. १००० व्होल्ट हा आकडा आणि शेजारी दोन त्रिकोणांची खूण बघा. आयईसी ६०९०० या मानकाप्रमाणे असं प्रत्येक हत्यार १०,००० व्होल्टला तपासून बाहेर पडतं. नुसती मूठ ही हाताला मऊ लागावी म्हणून असते. बाजारात नकली शिक्केही मिळतात. नामवंत जर्मन नाव ठोकलेला एक पाना मी लॅबमध्ये तपासला, तर कठीणपणा मानकाच्या जवळपासही नव्हता आणि मुलाम्याखाली भरड ओतीव लोखंड. शेफील्डवाल्यांचं १८८७ सालचं दुखणं अजून संपलेलं नाही, फक्त आता नाव चोरलं जातं ते जर्मनांचं.

तेव्हा 'जर्मन आण' म्हणणाऱ्यांना मी हल्ली उलट विचारतो : काम काय, नट कुठल्या मापाचे, आणि तुटलं तर बदलून देणारा माणूस तुमच्या गावात आहे का? बहुतेकांचं उत्तर ऐकून मी त्यांना तिकडच्याच दुकानात पाठवतो. त्याने माझ्या बॅगेतलं वजनही वाचतं.

कानशींबद्दल लिहायचं राहून गेलं. रत्नागिरी आणि चिपळूणच्या कानशी जगभर जातात हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. मामांनी तशी तंबीच दिली आहे, पुढचा लेख त्यावर.