सेंट थॉमसच्या दारात

मुंबईत ‘चर्चगेट’ हा शब्द दिवसातून किती लाख वेळा उच्चारला जात असेल, याची गणती कोणी करणार नाही. ते चर्च कोणते आणि ते गेट कोठे, हा प्रश्नही लोकलमधून उतरणाऱ्या माणसाला सहसा पडत नाही. गेट आता नाही. १८६२ नंतरच्या काही वर्षांत कोटाचा तट पाडला गेला, त्याबरोबर तेही गेले. ते जेथे होते त्या जागी १८६४ मध्ये फ्लोराचे कारंजे उभे राहिले. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात पडलेल्यांचे स्मारक तेथे झाले आणि चौकाला हुतात्मा चौक हे नाव मिळाले. चर्च मात्र जागेवर आहे. स्टेशनापासून वीर नरिमन रस्त्याने पूर्वेकडे चालत राहावे, हुतात्मा चौक ओलांडावा, आणि हॉर्निमन सर्कलच्या थोडे अलीकडे, कचेऱ्यांच्या उंच इमारतींच्या गर्दीत एक घड्याळाचा मनोरा दिसतो. हेच सेंट थॉमस कॅथीड्रल. कोटाच्या पश्चिम दरवाजाला आणि त्याच्यामागून एका साऱ्या स्टेशनाला नाव देणारे.

मी तेथे प्रथम गेलो तो उन्हाच्या तापातून सुटका म्हणून. आत पाऊल टाकताच रस्त्याचा गोंगाट एकदम मागे पडतो. छत उंच, खांब भक्कम, आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींवर संगमरवरी स्मृतिशिलांची दाटी. देवळात आपण मूर्तीकडे पाहतो. येथे नवख्या माणसाची नजर वेदीकडे जाण्यापूर्वी भिंतीवर अडकते. कोणी तापाने गेला, कोणी समुद्रावर पडला, कोणाची पत्नी विशीतच वारली. सतराव्या शतकाच्या अखेरीस मुंबईतल्या इंग्रजांत एक म्हण रूढ होती, की येथे माणसाचे आयुष्य दोन पावसाळ्यांचे. भिंती वाचीत गेले की ती म्हण अतिशयोक्तीची वाटत नाही.

या वास्तूचा जन्मही एका मृत्यूने लांबणीवर टाकला होता. १६६१ च्या विवाहकरारात मुंबई पोर्तुगालकडून इंग्लंडच्या राजाकडे आली आणि १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड खंडाने ती ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती पडली. सात बेटांच्या या दलदलीतून शहर घडवावे, ही दृष्टी ज्याला होती तो गव्हर्नर जेराल्ड ऑंजिए. न्यायकचेरी, व्यापाऱ्यांना आश्रय, भिन्न धर्मीयांना अभय या गोष्टींचा पाया त्याने घातला, आणि १६७६ च्या सुमारास चर्चचाही. पुढच्याच वर्षी तो सुरतेला वारला. अर्धवट भिंती तशाच राहिल्या. वर्गणी जमली होती. ती गेली कोठे, याविषयी त्या काळच्या एका प्रवाशाने कंपनीच्या एका बड्या अधिकाऱ्याकडे बोट दाखवून ठेवले आहे. ते खरे असो वा नसो, जवळजवळ चाळीस वर्षे त्या भिंतींवर छप्पर चढले नाही. इंग्रज तोवर किल्ल्यातल्या एका खोलीत प्रार्थना करीत.

१७१४ मध्ये रिचर्ड कॉब नावाचा तरुण पाद्री मुंबईत आला. पडक्या भिंती पाहून त्याला लाज वाटली असावी, कारण त्याने लगेच वर्गणीची खटपट सुरू केली. १७१५ मध्ये काम पुन्हा हाती घेतले गेले आणि १७१८ च्या नाताळात चर्च उघडले. या साऱ्याची हकीकत कॉबने पुढे म्हातारपणी पुस्तकरूपाने लिहिली. ते पुस्तक १७६६ मध्ये लंडनला छापले गेले. बांधकामाचा हिशेब, पत्रव्यवहार, समारंभाचे वर्णन हे सारे त्यात आहे. पुस्तकाला साहित्यगुण फारसे नाहीत. पण त्यातल्या एका जागी माझी नजर थबकली आणि त्यानंतर हे चर्च मला पूर्वीसारखे कधीच दिसले नाही.

समारंभाला गव्हर्नर चार्ल्स बून आणि त्याचे कौन्सिल हजर होते, हे अपेक्षितच. पण कॉब सांगतो, की भोवती देशी लोकांचाही मोठा जमाव उभा होता, आणि त्यात रामाजी आपल्या सगळ्या जातभाईंसह आला होता. उपासनेतली शिस्त आणि गांभीर्य त्यांना इतके आवडले, की सगळी प्रार्थना संपेपर्यंत ते तेथेच उभे राहिले.

हा रामाजी म्हणजे रामा कामती. इंग्रजी कागदपत्रांत त्याचे नाव नाना तऱ्हांनी लिहिलेले आढळते. जातीने शेणवी, धंद्याने व्यापारी, आणि त्या वेळच्या मुंबईतल्या हिंदूंचा पुढारी. कंपनीशी त्याचे संबंध जुने होते. तिच्यासाठी देशी शिपाई जमविण्याचे कामही तो करी. मलबार टेकडीच्या टोकाला वाळकेश्वराचे प्राचीन देऊळ पोर्तुगीज अमदानीत पडले होते. ते १७१५ मध्ये बाणगंगेच्या काठी पुन्हा बांधले, ते याच रामा कामतीने. सालाकडे लक्ष द्यावे. ज्या वर्षी कॉबने ऑंजिएच्या पडक्या भिंतींवर पुन्हा गवंडी चढविले, त्याच वर्षी बेटाच्या दुसऱ्या टोकाला दुसऱ्या एका मोडलेल्या देवस्थानाचे काम चालू होते. गवंडी आणि पाथरवट यांतले काहीजण दोन्हीकडे राबले असतील काय, असे मनात येते. तसा पुरावा नाही. पण मुंबई तेव्हा फार लहान होती.

नाताळातल्या त्या सकाळी दारात उभ्या असलेल्या रामाजीच्या मनात काय होते? परधर्माविषयीचे कुतूहल, की सत्ताधाऱ्यांच्या मंगलकार्याला हजेरी लावण्याची व्यापाऱ्याची रीत? कॉबला त्याच्यात उपासनेचा प्रभाव दिसला. मला दिसते ते एक संकट. कारण त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात बूनने कान्होजी आंग्र्यांच्या खांदेरीवर केलेली स्वारी पार फसली होती. चर्च उघडले तेव्हा त्या अपयशाला जेमतेम महिना उलटला होता.

कान्होजी मराठी आरमाराचे सरखेल. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने ते शाहू महाराजांच्या बाजूला आले आणि कोकणच्या किनाऱ्यावर त्यांचा अंमल मान्य झाला. त्यांचे दस्तक घेतल्याशिवाय या समुद्रात जहाज हाकारू नये, असा त्यांचा आग्रह होता. कोणत्याही किनाऱ्याचा धनी असाच आग्रह धरतो. पोर्तुगीजांनीही हेच केले होते. इंग्रजांच्या दप्तरात मात्र याला चाचेगिरी हे नाव पडले. मुंबईच्या बंदराच्या तोंडाशी असलेली खांदेरी त्यांच्या ताब्यात होती, आणि ती घेता येत नव्हती. पराभवाचे कारण स्वतःच्या आखणीत शोधण्यापेक्षा घरातल्या फितुरीत शोधणे नेहमीच सोपे असते.

१७२० मध्ये रामा कामतीला पकडण्यात आले. आरोप असा, की कान्होजींशी त्याचा गुप्त पत्रव्यवहार असून कंपनीचे बेत तो त्यांना कळवीत होता. पुरावा म्हणून पत्रे पुढे आली. त्याचा कारकून गोविंदजी याच्या अंगठ्यांना लोखंडी चाप लावून ते आवळले गेले आणि मग हवा तो जबाब मिळाला. खटला गव्हर्नराच्या अध्यक्षतेखाली चालला. म्हणजे ज्याची स्वारी फसली होती तोच न्यायासनावर बसला. निकालाबद्दल कोणालाच शंका नसावी. रामा कामतीला जन्मभर कैद झाली आणि त्याची मालमत्ता जप्त झाली. आठ वर्षे तो तुरुंगात होता; १७२८ मध्ये तेथेच वारला. पुढे उघड झाले, की ती पत्रे बनावट होती.

१९१० मध्ये फिरोज मलबारी यांनी मुंबईच्या जडणघडणीवरच्या आपल्या इंग्रजी ग्रंथात या खटल्याची हकीकत विस्ताराने मांडली. न्यायाच्या इतिहासाचे अभ्यासक आता या खटल्याकडे न्यायाची विटंबना म्हणूनच पाहतात. ध्यानात घेण्याजोगे हे, की रामा कामतीला ज्या कागदांनी बुडविले, त्याच दप्तरातल्या कागदांनी त्याची निर्दोषता उजेडात आली. कंपनीचे कारकून सारे लिहून ठेवीत. स्वतःच्या राज्यकर्त्यांचा अन्यायसुद्धा. हा त्यांचा गुण म्हणावा की निबरपणा, याचा निर्णय मला आजवर करता आलेला नाही. आपल्या बाजूची साक्ष मात्र दुबळी. रामाजीच्या घरच्यांनी काय सोसले, त्याच्या जातभाईंपैकी किती जण त्याच्या मागे उभे राहिले, हे सांगणारा मराठी कागद माझ्या तरी वाचनात आलेला नाही.

आता पुन्हा भिंतीकडे वळावे. येथे जोनाथन डंकन या गव्हर्नराचे स्मारक आहे. १७९५ पासून १८११ पर्यंत, मृत्यूपर्यंत, तो मुंबईचा गव्हर्नर होता. त्यापूर्वी काशीत रेसिडेंट असताना १७९१ मध्ये त्याने तेथे संस्कृत पाठशाळा काढली. इंग्लंडच्या बेकन या शिल्पकाराने घडविलेल्या शिल्पात हिंदू मुले त्याला दुवा देत आहेत, कारण काशीकडच्या प्रांतातील आणि काठेवाडातील बालहत्या त्याने बंद केली, असे शिल्प सांगते. डंकन सज्जन होता आणि त्याची खटपट खरी होती. पण ती चाल त्याच्या हयातीत बंद पडली नाही. १८७० मध्ये सरकारला त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. दगडाला पूर्णविराम देण्याची घाई असते.

जवळपासच कॅप्टन हार्डिंज आहे. १८०८ मध्ये ‘पिएमोंतेझ’ ही फ्रेंच युद्धनौका जिंकताना तो पडला. हेरातच्या वेढ्यात नाव मिळविणारा एल्ड्रेड पॉटिंजर आहे. ही नावे मराठी वाचकाला परकी आहेत. त्यांच्यावरून नजर सहज पुढे सरकते. ती एका नावाशी मात्र रुतते. कर्नल बर. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या माळावर पेशव्यांच्या फौजेसमोर इंग्रजी सैन्याचा सेनापती हा होता. त्या दिवशी बापू गोखल्यांचे घोडदळ त्याच्या पलटणींवर तुटून पडले आणि वाटेतल्या दलदलीने अडखळले. जरीपटक्याबरोबर असलेले मोरोपंत दीक्षित तेथे पडले. बाराच दिवसांनी पुण्यावर कंपनीचे निशाण चढले. पुढच्या फेब्रुवारीत आष्टीला बापू गोखलेही गेले.

शाळेत आम्ही ही लढाई राज्य बुडाल्याची म्हणून शिकलो. येथे ती विजय म्हणून भिंतीवर आहे. शिलेसमोर उभा असताना मनात चीड येईल असे मला वाटले होते. ती आली नाही. आले ते एक वेगळेच अवघडलेपण. बरच्या पलटणींतले बहुसंख्य शिपाई देशीच होते. रामा कामतीने शंभर वर्षांपूर्वी जमविलेल्या शिपायांचेच ते पुढचे रूप. खडकीच्या माळावर दोन्ही बाजूंनी आपलीच माणसे होती. त्यांतल्या फक्त एका माणसाचे नाव या भिंतीवर कोरले गेले, आणि तो त्यांच्यातला नव्हता.

चर्चचे पुढचे चरित्र थोडक्यात सांगता येईल. १८३७ मध्ये मुंबईला स्वतंत्र बिशप मिळाला आणि हे साधे चर्च कॅथीड्रल झाले. लगेच मनोरा उंचावला. १८६० नंतरच्या कापसाच्या तेजीत वेदीकडचा भाग गॉथिक घाटणीने नव्याने बांधला गेला. त्यामुळे आत चालत गेले की वास्तूचे वय मध्येच बदलल्यासारखे वाटते. दाराबाहेरचे नक्षीदार कारंजे सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांच्या देणगीतून झाले. रामाजीनंतर दीडशे वर्षांनी आणखी एक परधर्मीय व्यापारी या दारात उभा राहिला, आणि त्याला सरदारकी मिळाली. १९११ मध्ये पंचम जॉर्ज येथे प्रार्थनेला आले होते. १९७० पासून हे चर्च ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’कडे आहे, आणि २००४ मध्ये त्याच्या जीर्णोद्धाराला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. काम उत्तम झाले आहे. शिलांवरची अक्षरे आता स्पष्ट वाचता येतात.

रामा कामतीच्या नावाची शिला येथे असण्याचे कारण नाही. तो या धर्माचा नव्हता. तरीही मी दोन वेळा भिंतींवरून नजर फिरवली. दुसऱ्या वेळी देखरेखीच्या माणसाने विचारले, “कोणाचं नाव शोधताय?” मी सांगितले. त्याने ते नाव ऐकले नव्हते. “इथं नसेल, साहेब,” तो म्हणाला, आणि मग आठवण झाल्यासारखे, “आमच्याकडं बाहेरच्या माणसांचीपण लग्नं बघायला गर्दी होते. दारात उभे राहतात. शेवटपर्यंत.”

बाहेर आलो तेव्हा कचेऱ्या सुटल्या होत्या. हुतात्मा चौकाकडून चर्चगेटकडे माणसांचा लोंढा निघाला होता, आणि त्यात मीही मिसळलो. वाळकेश्वरला जाणारी बस मिळाली असती, पण त्या दिवशी मी गेलो नाही. गेलो ते पुढच्या रविवारी. रामाजीने बांधलेल्या देवळावर मागाहून पुष्कळ काम झाले आहे. त्याच्या काळातले काय उरले, हे सांगणे कठीण. बाणगंगेच्या पायऱ्यांवर मुले क्रिकेट खेळत होती आणि कोणीतरी दिवंगतासाठी पिंड सोडीत होते.