अध्यक्ष, संपादक आणि तांबे प्रकरण

सीताबर्डीवर डॉ. बा. शि. मुंजे यांच्या नावाचा चौक आहे आणि बॅरिस्टर मोरोपंत अभ्यंकर यांच्या नावाचा रस्ताही आहे. हे दोघेही टिळकांच्या परंपरेतले आणि दोघेही स्वराज्य पक्षाचे. १९२५ साली मात्र एका नेमणुकीवरून ते परस्परांविरुद्ध उभे ठाकले. त्याच वादात 'केसरी'च्या न. चिं. केळकरांचा पक्षाध्यक्ष मोतीलाल नेहरूंवरील विश्वास उडाला.

१९२३ च्या निवडणुकीत मध्य प्रांताच्या कौन्सिलात स्वराज्य पक्षाला स्पष्ट बहुमत मिळाले होते. मुंजे तेथील नेते. पक्षाने मंत्रिपदे नाकारली, अंदाजपत्रक फेटाळले आणि मंत्र्यांचे वेतन वर्षाला दोन रुपयांवर आणून ठेवले. द्विदल राज्यपद्धती नागपुरात खरोखरच बंद पडली. पण पुढे काय? सोपीव खाती गव्हर्नरनेच आपल्या हाती घेतली आणि अडवणुकीचे शस्त्र वापरून झाल्यावर पक्षाजवळ दुसरे शस्त्र उरले नाही. या पोकळीत ऑक्टोबर १९२५ मध्ये कौन्सिलचे अध्यक्ष श्रीपाद बळवंत तांबे यांनी पक्षाला न विचारता गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळात जागा स्वीकारली.

मोतीलालजींनी कडक निषेध केला आणि अभ्यंकर त्यांच्या बाजूला राहिले. केळकर व जयकर यांचा सवाल साधा होता. विठ्ठलभाई पटेल मध्यवर्ती विधिमंडळाचे अध्यक्ष होतात, स्वतः मोतीलालजी सरकारने नेमलेल्या स्कीन समितीवर बसतात, मग तांब्यांचाच अपराध कोणता? याला उत्तर नव्हते असे नाही. पटेलांना सभासदांनी निवडले होते, तर तांबे सरकारच्या कारभाराचेच भागीदार झाले होते. हा भेद लहान नाही. परंतु स्कीन समितीचा प्रश्न त्याने सुटत नव्हता. शिवाय अध्यक्षांनी हा भेद समजावून सांगण्याऐवजी रोगट अवयव कापून टाकण्याची भाषा वापरली, आणि ती महाराष्ट्राच्या जिव्हारी लागली.

केळकरांचा विश्वास येथे उडाला असे म्हणणे सोपे आहे. वस्तुतः तो आधीपासूनच विरत आला असावा. टिळकांच्या प्रतियोगी सहकारितेवर ज्याची श्रद्धा होती, त्याला निव्वळ अडवणूक हे साधन वाटणार, व्रत नव्हे. त्यात प्रांताभिमानाचा अंश नव्हताच, असे मात्र म्हणवत नाही.

तरीही एक गोष्ट त्यांच्या पदरात टाकली पाहिजे. अध्यक्षांवर टीका करीत ते पक्षाच्या आश्रयाला राहिले नाहीत. केळकर आणि जयकर यांनी कार्यकारिणी सोडली, पक्षाच्या तिकिटावर मिळालेल्या विधिमंडळातील जागाही सोडल्या, आणि फेब्रुवारी १९२६ मध्ये अकोल्यास प्रतियोगी सहकार पक्ष उभा राहिला. साबरमतीला एप्रिलमध्ये झालेला समेट महिनाभरही टिकला नाही.

पुढे १९३७ मध्ये काँग्रेसनेच प्रांतोप्रांती मंत्रिपदे स्वीकारली. त्यावरून केळकर बरोबर ठरले, असा निकाल देणे घाईचे होईल, कारण तोवर मतदार, कायदा आणि काँग्रेसची ताकद सारेच बदलले होते. तांबे प्रकरणाचा धडा निराळा आहे. नेत्याच्या धोरणाशी मतभेद झाला म्हणून लेखकाची निष्ठा सहसा तुटत नाही. नेता स्वतःला एक माप आणि अनुयायांना दुसरे लावतो, हे दिसले की ती तुटते. आणि अशा लेखकाचा शब्द किती वजनाचा, हे त्याच्या लेखणीच्या धारेपेक्षा त्याने सोडलेल्या खुर्चीवरून अधिक कळते.