सामायिक आभासी अवकाशातील व्हिडिओ-वितरण

निरनिराळ्या गावची माणसे संगणकाने उभ्या केलेल्या एकाच वर्गात, सभेत किंवा जत्रेत जमली, की प्रत्येकाला इतरांचे चित्र वेळेवर आणि कमीत कमी डेटात पोचवण्याची व्यवस्था.

अडचण गुणाकाराची आहे. वीस जणांनी एकमेकांना थेट चित्र धाडले तर प्रत्येकाकडून 19, एकूण 380 प्रवाह निघतात. घरगुती जोडणी तिथेच गुडघे टेकते. म्हणून प्रत्येक जण आपले चित्र फक्त मधल्या सर्व्हरला देतो, तेही दोन-तीन दर्जांत. त्यातले कोणाला कोणते द्यायचे हे सर्व्हर ठरवतो: समोरच्याचे ठसठशीत, कोपऱ्यातल्याचे अंधूक. पाठीमागे बसलेल्याचे तर धाडायचेच कशाला?

360 अंशी चित्रणात हाच हिशेब तुकड्यांनी होतो. मोहगावच्या (जि. पांढुर्णा) घरी बसून कोणी पांढुर्ण्याची गोटमार, म्हणजे नदीच्या दोन काठांवरून गोटे फेकण्याची जत्रा, अशी पाहतो आहे, असे धरा. नजर जाम नदीच्या पांढुर्णा काठावर असते तोवर सावरगाव काठाचे तुकडे हलक्या दर्जाचे येतात. मान वळली की चांगले मागवले जातात. तो हलका तुकडाही हाताशी नसेल, तर वळताच समोर काळे भगदाड. (गोटे मात्र कोणत्याच दर्जात घरी येत नाहीत.)

क्रिकेटचा सामना याहून सोपा. 19 नोव्हेंबर 2023 च्या विश्वचषक अंतिम सामन्याला हॉटस्टारवर एका वेळी 5.9 कोटी प्रेक्षक होते. पण चित्र काही सेकंद उशिरा आले तरी चालते, म्हणून तेच चित्रण जागोजागच्या सर्व्हरवर साठवून वाटता येते. संभाषणात मात्र आवाजाला साधारण 150 मिलिसेकंदांहून जास्त उशीर झाला, की माणसे एकमेकांचे बोलणे तोडू लागतात.

एकच प्रवाह वाटेत फाटे फोडून अनेकांना देणारी ‘मल्टिकास्ट’ पद्धत 1989 मध्ये प्रमाणित झाली, पण खुल्या इंटरनेटवर रुजली नाही. तिचे काम आयआयटी मुंबईच्या ‘टीच 10,000 टीचर्स’ उपक्रमात सभागृहांनी केले. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने चाललेल्या या कार्यशाळांत आयआयटीच्या पवई आवारातले व्याख्यान अमृता विद्यापीठाच्या ‘ए-व्ह्यू’ प्रणालीवरून देशभरच्या केंद्रांवर जाई. केंद्रात एक पडदा आणि त्यापुढे सभागृहभर शिक्षक. कोणाला शंका विचारायची असली, की त्या केंद्राचा कॅमेरा सर्वांना दिसे. जिथे जोडणी अशक्त आहे, तिथे आजही हा स्वस्त उपाय आहे.