कृष्णधवल व्यक्तिचित्र : किमया छायाप्रकाशाची

घरातील वडीलधारी व्यक्ती गेल्यानंतर भिंतीवर लावण्याजोगे तिचे एकही छायाचित्र नसल्याचे अनेक कुटुंबांच्या ध्यानात येते. मग लग्नातल्या समूहचित्रातून चेहरा कापून मोठा केला जातो. प्रत्येकाच्या हाती कॅमेऱ्याचा मोबाइल आल्यावरही ही वेळ टळलेली नाही. वास्तविक, यावलसारख्या गावात घराच्या ओसरीवरही उत्तम कृष्णधवल व्यक्तिचित्र काढता येते.

प्रकाश

खान्देशातील दुपारचे ऊन व्यक्तिचित्राचे शत्रूच. डोक्यावरच्या उन्हाने डोळ्यांच्या खोबणीत काळी सावली पडते आणि नजर हरवते. त्यामुळे सकाळी किंवा उतरत्या उन्हात, व्यक्तीला ओसरीच्या कडेशी सावलीत बसवावे. प्रकाश एका बाजूने, किंचित तिरपा येऊ द्यावा. सावलीची बाजू फारच काळी पडत असल्यास त्या बाजूला पांढरे धोतर किंवा चादर धरावी. मागे घरातला अंधार असला, की चेहरा आपोआप उठून दिसतो.

रंगांची फसगत

केळीच्या हिरव्या बागेपुढे लाल लुगडे रंगीत छायाचित्रात खुलते. कृष्णधवलमध्ये मात्र दोन्ही जवळपास एकाच करड्या छटेत मिसळू शकतात. म्हणून रंगांपेक्षा फिकट आणि गडद यांतला फरक पाहावा. शक्यतो रंगीत छायाचित्र घेऊन नंतर त्याचे रूपांतर करावे. रूपांतर करताना लाल रंगाची छटा उजळली, की त्वचा नितळ दिसते. ती गडद केली, की सुरकुत्या ठळक होतात. फिल्मच्या काळात हेच काम भिंगापुढील रंगीत फिल्टर करीत. वृद्धांच्या सुरकुत्या पुसून टाकण्याचा मोह मात्र टाळावा.

भिंग आणि नजर

मोबाइल चेहऱ्याजवळ नेल्यास नाक मोठे आणि कान लहान दिसतात. त्याऐवजी दोन पावले मागे सरून दुप्पट झूम वापरावे. स्वतंत्र कॅमेरा असल्यास ८५ ते १०५ मिलिमीटरचे भिंग आणि एफ/२.८ ते एफ/४ छिद्र योग्य ठरते. फोकस कॅमेऱ्याकडील डोळ्यावरच असावा.

माणूस की नमुना?

ब्रिटिश राजवटीत १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया' हा आठ खंडांचा छायाचित्रसंग्रह प्रसिद्ध झाला. त्यात माणसे प्रामुख्याने जातीजमातींचे नमुने म्हणून मांडली होती. सातपुड्याच्या पायथ्याशी तडवी किंवा पावरा बांधवांची छायाचित्रे घेणाऱ्यांनी हे विसरू नये. आधी परवानगी घ्यावी, नाव विचारावे, घटकाभर बोलावे. चेहऱ्यांचे जाणकार छायाचित्रकार गौतम राजाध्यक्ष (१९५०-२०११) यांनी टिपलेल्या व्यक्तींवर लेखही लिहिले. माणूस समजून घेणे हा या कलेचाच भाग आहे. ज्येष्ठांशी त्यांच्या घरच्या बोलीत शेतीवाडीच्या, माहेरच्या गोष्टी काढल्या, की ताठरलेला चेहरा सैल होतो. तोच क्षण टिपावा.

जतन

मोबाइल बिघडला, की छायाचित्रेही जातात. निवडक चित्र कागदावर छापून घ्यावे, पाठीमागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव व तारीख लिहावी आणि एक प्रत त्या व्यक्तीला आवर्जून द्यावी. आपले चांगले छायाचित्र हयातीतच पाहण्याचा आनंद तिलाही मिळायला हवा.