दुर्मीळ भूकंप आणि घराचा विमा

इंदूर जिल्ह्यातील देपालपूरसारख्या माळव्याच्या नगरांत भूकंप क्वचितच जाणवतो. त्यामुळे त्यासाठी विमा अनावश्यक वाटतो. मात्र दख्खनचे पठारही स्थिर मानले जात असे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात दगडमातीच्या घरांखाली हजारो माणसे गाडली गेली. २२ मे १९९७ रोजी मध्य प्रदेशातील जबलपूरही हादरले.

१ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत आगीबरोबरच भूकंपाचे संरक्षणही अंतर्भूत आहे. विम्याची रक्कम घराच्या पुनर्बांधणीच्या खर्चावर ठरते; जमिनीची किंमत तीत येत नाही. म्हणून घरमालकाने बाजारभावाऐवजी चटईक्षेत्र आणि बांधकामाचा चालू दर विचारात घ्यावा.