संस्थेच्या दारापलीकडे

यवतमाळहून अमरावतीकडे जातांना वाटेंत नेर परसोपंत लागतें. कापसाच्या मुलुखांतलें हें तालुक्याचें गांव. वऱ्हाडांतील इतर गांवांप्रमाणें येथेंही परक्या तरुणास आधीं त्याचें नांव विचारीत नाहींत. ‘कोनाचा व्हय रे तू?’ असें विचारतात. ज्याला बाप आहे, निदान मामा तरी आहे, त्याला या प्रश्नांत आपुलकी वाटते. परंतु जो संस्थेंत वाढला व अठरा वर्षें पुरीं होतांच बाहेर पडला, त्याला हाच प्रश्न भाड्याची खोली शोधतांना, नोकरी मागतांना आणि सोयरिकीच्या बोलण्यांत आडवा येतो. निराश्रित बालकांस अन्नवस्त्र देणाऱ्यांचा इतिहास आपण आदरानें सांगतों. तीं बालकें मोठीं झाल्यावर त्यांचें काय झालें, हें मात्र क्वचितच विचारलें जातें.

१८६३ सालीं जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यास बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें. विधवेच्या पोटीं आलेलें मूल जगावें, हा त्यामागील उघड हेतु. मला त्याहूनही मोलाची वाटते ती यशवंताची पुढील हकीकत. एका ब्राह्मण विधवेच्या या मुलास फुले दांपत्यानें १८७४ सालीं दत्तक घेतलें, आपलें आडनांव दिलें, आणि पुढें तो डॉक्टर झाला. १८८७ च्या मृत्युपत्रांत जोतीरावांनीं त्याची तरतूद केली. जन्माची चौकशी करणाऱ्या समाजांत त्याला मुलगी मिळणें सोपें नव्हतें. तथापि १८८९ सालीं सत्यशोधक पद्धतीनें त्याचें लग्नही झालें. दोन वेळच्या जेवणाच्या पलीकडे मुलाला काय लागतें, हें त्या घरानें जाणलें होतें.

एका मुलासाठीं जें घरांत साधलें, तें शेंकडो मुलींसाठीं साधणें निराळें. १८९६-९७ च्या दुष्काळांत पंडिता रमाबाई मध्यप्रांतांत फिरल्या व उपासमारीनें खंगलेल्या मुलींना घेऊन आल्या. केडगांवच्या मुक्तिसदनांत या मुलींनीं शेती केली, माग चालविले, छापखान्यांत खिळे जुळविले. धर्मांतरावरून त्या संस्थेविषयीं जे वाद झाले, ते येथें बाजूस ठेवूं. जिला परत जाण्यास घर नाहीं, तिच्या हाताला काम हवें, हें रमाबाईंनीं ओळखलें. मात्र कित्येकजणी काम करीत तेथेंच राहिल्या. आसरा मिळाला खरा, पण बाहेरचें जग परकेंच राहिलें असावें, असें माझें मत आहे.

जातां जातां एक गोष्ट सांगतों. पुण्याचें अनाथ विद्यार्थी गृह आणि अण्णासाहेब कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम, या दोन्ही संस्थांनीं पुढें आपल्या नांवांतून ‘अनाथ’ हा शब्द काढून टाकला. तो शब्द दाखल्याबरोबर जन्मभर फिरावा, असें कोणत्या विद्यार्थ्यास वाटेल?

संस्थेंत घंटेवर उठावयाचें, घंटेवर जेवावयाचें. किराणा कोण आणतो, विजेचें बिल कोण भरतो, हें मुलास ठाऊकच नसतें. आणि एके दिवशीं सारें एकदम अंगावर येतें. मुलीची अडचण तर आणखी खोल. दिवाळीला ती कोणत्या माहेरीं जाणार? पहिल्या बाळंतपणाला कोणाचें अंगण? सासरीं कांहीं बिनसलें तर रात्रीं कोणाचें दार ठोठावणार? २०१५ च्या बाल न्याय कायद्यांत अठराव्या वर्षानंतर एकवीसपर्यंत, आणि अपवाद म्हणून तेविसाव्या वर्षापर्यंत, आधाराची सोय आहे. महाराष्ट्र शासनानें २०१८ सालीं शिक्षणांत व नोकरींत अनाथांस एक टक्का समांतर आरक्षणही दिलें. दोन्ही गोष्टी चांगल्या. पण कायदा बाळंतपण करीत नाहीं.

नेरहून अमरावती गांठून पुढें परतवाड्याकडे गेलें, कीं अचलपूर तालुक्यांत वझ्झर लागतें. तेथें शंकरबाबा पापळकर यांनीं अंबादासपंत वैद्य यांच्या नांवाच्या बालगृहांत टाकून दिलेलीं मतिमंद, मूकबधिर व अंध मुलें वाढविलीं. अशा मुलांना अठराव्या वर्षीं बाहेर काढूं नये, म्हणून कायदा व्हावा, असा आग्रह त्यांनीं वर्षानुवर्षें धरला. २०२४ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. तेथील कित्येक मुलींचीं लग्नें त्यांनीं लावून दिलीं. आणि मुलांच्या कागदपत्रांवर वडिलांच्या नांवाची जागा रिकामी राहिली नाहीं. तेथें शंकरबाबांचें नांव आहे.