दाराशी आलेली बाई

आम्ही परळहून बोलतोय.

गावाकडच्या बायकांना परळ ठाऊक असतं ते बहुतेक दवाखान्यांमुळे. केईएम, वाडिया, टाटा. कुणी सासूला घेऊन येतं, कुणी लेकराला. केसपेपर कुठे काढायचा, कोणती रांग कशाची, रात्री पाठ कुठे टेकायची, काही उमगत नाही. आमच्या बचत गटातली एक मैत्रीण सकाळी अशाच बायकांबरोबर रांगेत उभी राहते. ती ख्रिस्ती आहे. एकदा बैठकीत एकीने तिला तोंडावर विचारलं, "हे तू धर्म वाढवायला करतेस का गं?" ती म्हणाली, "नाही. मला पाचारण आहे."

पाचारण म्हणजे बोलावणं. देवाने आपल्याला एखाद्या कामासाठी हाक मारली आहे असं वाटतं, तेव्हा ख्रिस्ती माणसं हा शब्द वापरतात. आम्हाला प्रश्न पडला, ही हाक येते तरी कशी? आणि ती खरी की मनाचा खेळ, हे ओळखायचं कसं? उत्तर शोधताना आम्ही पंडिता रमाबाईंपाशी पोचलो. त्यांचं पहिलं सदन इथून जवळच, गिरगावात चौपाटीपाशी सुरू झालं होतं.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. बाईमाणसाने संस्कृत शिकू नये अशा त्या काळात त्यांनी बायकोला शिकवलं आणि आईने रमाला. हे कुटुंब पुराणं सांगत तीर्थोतीर्थी फिरायचं. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले, मोठी बहीणही गेली. रमाबाई आणि त्यांचा भाऊ उपाशीपोटी शेकडो कोस पायी चालले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलं. पुढे भाऊ वारला. बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी जातीबाहेर लग्न केलं. दोन वर्षं होतात न होतात तोच तेही गेले. हातात तान्ही मनोरमा, वय तेवीस.

इथपर्यंत त्यांना कुठली हाक ऐकू आली नव्हती, पण भूक आणि वैधव्य दोन्ही अंगावरून गेलं होतं. १८८२ मध्ये त्यांनी पुण्यात आर्य महिला समाज काढला. त्याच वर्षी सरकारच्या शिक्षण आयोगापुढे त्यांनी बायकांसाठी शिक्षिका आणि डॉक्टरणी हव्यात असं सांगितलं. मग स्वतः डॉक्टर व्हावं म्हणून १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. पण कानांनी कमी ऐकू येऊ लागलं होतं, त्यामुळे तो बेत फसला.

तिथे वाँटेज गावच्या ख्रिस्ती भगिनींकडे त्या उतरल्या होत्या. या भगिनींचं लंडनमध्ये फुलहॅमला एक घर होतं. ज्या बायकांना समाजाने 'वाया गेलेली' म्हणून टाकलं होतं, त्यांना तिथे आसरा मिळायचा. शिवी नाही, तिरस्कार नाही. अशा बायकांना कुणी जवळ घेतं, हे रमाबाईंनी आधी कुठे पाहिलं नव्हतं. हे कशाच्या बळावर होतं, असं त्यांनी विचारलं. तेव्हा भगिनींनी त्यांना विहिरीवर पाण्याला आलेल्या शोमरोनी बाईची आणि तिच्याशी बोलत बसलेल्या येशूची गोष्ट सांगितली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

इथे एक गोष्ट नीट ऐका. बाप्तिस्मा घेतला म्हणजे सगळं उमगलं, असं रमाबाई स्वतः मानत नव्हत्या. आठ वर्षांनी मागे वळून पाहताना त्यांना वाटलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त अजून सापडला नव्हता. म्हणजे हाक एका दिवसात ऐकू आली असं नाही. काम चालू राहिलं आणि करता करता ती स्पष्ट होत गेली.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. तिथे 'हाय कास्ट हिंदू वुमन' हे पुस्तक लिहिलं, गावोगाव भाषणं केली आणि विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा केला. ११ मार्च १८८९ रोजी गिरगावात शारदा सदन उघडलं. पहिली विधवा विद्यार्थिनी होती कोकणातली गोदूबाई. पुढच्याच वर्षी सदन पुण्याला हललं.

आणि पुण्यात वाद पेटला. सदनात धर्माची सक्ती नसेल असं ठरलं होतं. पण रमाबाई आपल्या खोलीत दार उघडं ठेवून प्रार्थना करायच्या आणि काही मुली आपणहून तिथे येऊन बसायच्या. पालकांना भीती वाटली, आपल्या पोरी बाटणार. केसरीने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर हे सल्लागार बाजूला झाले. कित्येक मुली घरी नेल्या गेल्या.

कोण चुकलं? आमच्या गटात यावर बराच वाद झाला. पालकांची काळजी खोटी म्हणता येत नाही. विश्वासाने मुलगी पाठवली होती. पण रमाबाईंचं म्हणणंही समजतं. सक्ती करणार नाही, पण माझी प्रार्थना चोरूनही करणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. दोन्ही बाजू ठेवूनही एक गोष्ट उरते. पहिली विद्यार्थिनी गोदूबाई हिंदूच राहिली. ११ मार्च १८९३ रोजी तिने धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि ती आनंदीबाई कर्वे झाली. पुढे कर्व्यांच्या विधवाश्रमासाठी तिनेही वर्गण्या गोळा केल्या. सदनातून निघालेली वाट तिला तिच्या स्वतःच्या कामाकडे घेऊन गेली.

मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात बायका-पोरी रस्त्यावर मरत होत्या, काहींना फसवून विकलं जात होतं. रमाबाईंनी तरुणपणी हीच भूक सोसली होती. त्या स्वतः गेल्या आणि जवळजवळ तीनशे मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगच्या भीतीने इतक्या जणींना ठेवायला परवानगी नव्हती. हाच तो प्लेग, ज्याच्या लशीसाठी १८९९ मध्ये हाफकिन यांची प्रयोगशाळा आमच्या परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. रमाबाईंनी केडगावला जमीन घेऊन ठेवली होती. मुली तिथे गेल्या, आधी तंबूत आणि झोपड्यांत राहिल्या. हेच मुक्ती सदन. १९०० च्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

आपल्या बचत गटांनी मुक्तीचा कारभार मुद्दाम पाहावा. शेती, विहिरी, दूध, विणकाम, तेलाचा घाणा, शिवण, छापखाना, सगळं बायकांच्या हातात. अंध मुलींना मनोरमा ब्रेल शिकवायची. आणि फुलहॅमला पाहिलेलं रमाबाई विसरल्या नव्हत्या. टाकलेल्या बायकांसाठी केडगावात त्यांनी कृपा सदन उभं केलं. मधे पंधराएक वर्षं गेली होती. अडाणी बाईलाही कळावं म्हणून त्यांनी साध्या मराठीत बायबलचं भाषांतर केलं. तेही मुक्तीतल्या बायकांनीच छापलं. १९२१ मध्ये मनोरमा वारली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या.

आता परत परळला येऊ. टाटा रुग्णालयातले शल्यविशारद डॉ. एल. जे. डिसूझा यांनी १९८६ मध्ये वांद्र्याला शांती अवेदना सदन सुरू केलं. ज्यांच्यावर आता इलाज उरला नाही, अशा कर्करुग्णांना शेवटचे दिवस वेदनेविना काढता यावेत म्हणून. पैसे घेत नाहीत, धर्म विचारत नाहीत. सेवा ख्रिस्ती भगिनी करतात. तिथेही दाराशी येतो तो सगळीकडून परत पाठवलेला माणूसच.

आम्हाला यातून एवढंच कळलं. हाक आभाळातून येत असेलही, पण ती ऐकू येते दाराशी उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडून. आणि ती खरी की खोटी, हे फार पुढे कळतं. पैसा आटतो, माणसं सोडून जातात, नावं ठेवली जातात, तरी काम चालू राहतं का, त्यावरून.

आमच्या मैत्रिणीला आता कुणी तो प्रश्न विचारत नाही. गटातल्या आणखी दोघी तिच्याबरोबर जायला लागल्या आहेत. एक रोज घरात स्वामींना दिवा लावते, दुसरी कुठल्याच देवाला हात जोडत नाही. पाचारण हा शब्द त्या दोघी वापरत नाहीत. पण गेल्या आठवड्यात पाऊस कोसळत असतानाही दोघी वेळेवर निघाल्या.

तुमच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की पाच मिनिटं काढा. आपल्या गावात कोणती बाई सगळ्यांच्या दारावरून परत जाते, एवढंच एकमेकींना विचारा. नाव सुचेल. मग ती आपल्या दाराशी आली तर काय करायचं, ते आधीच ठरवून ठेवा.